जुनी फायबर बोट घेताय? मशीन नंतर, आधी मागची फळी बघा

नमस्कार मंडळी! जून लागला की मालवण, तारकर्ली, देवबाग, तिकडे वर हर्णैपर्यंत सगळीकडे बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतात, वर झावळ्या नाहीतर निळी ताडपत्री, आणि याच दिवसांत "बोट द्यायची आहे, गिऱ्हाईक असेल तर सांगा" असे फोन सुरू होतात. कारण सरळ आहे, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पर्यटकांच्या बोटी पण पावसाळ्यात बंद, बोट नुसती पडून असते आणि मालकाला पैसे हवे असतात. भाव करायला हाच टाइम बेस्ट. फक्त भानगड अशी की जो टाइम घ्यायला चांगला तोच दुरुस्तीला सगळ्यात वाईट, ते पुढे येईलच.

आज बोलतोय ते 18 ते 22 फुटी फायबरच्या बोटीबद्दल, मागे ओबीएम म्हणजे आउटबोर्ड मशीन लावलेलं असतं ती. लाकडी होडीचा विषय वेगळा, तिथे सुतार लागतो, ते नंतर कधीतरी.

तर तुम्ही बोट बघायला गेलात की मालक पहिलं काय करतो? मशीनचं कव्हर काढतो. "मशीन एकदम झकास आसा, काय बघूक नको." आणि आपण पण तिथेच बघत बसतो, आत काय चकाचक आहे वगैरे. मी म्हणतो मशीन राहू दे बाजूला, आधी ते ज्या फळीवर टांगलंय ती फळी बघा, म्हणजे ट्रान्सम. मशीन बिघडलं तर दुसरं बसवता येतं, पण ट्रान्सम कुजला असेल तर अख्खी बोट मागून फाडावी लागते, आणि तो खर्च कोणी भाव ठरवताना धरतच नाही.

आता हा ट्रान्सम कुजतो कसा, फायबर तर कुजत नाही ना? बरोबर, फायबर नाही कुजत. पण बऱ्याच बोटींमध्ये ट्रान्सम नुसत्या फायबरचा नसतो, मधे प्लायवूड असतं, दोन्ही बाजूंनी फायबर चढवलेलं. मग मशीनचे बोल्ट आले, ट्रान्सड्यूसरचा, म्हणजे पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या सेन्सरचा स्क्रू आला, कोणीतरी शिडीसाठी भोक मारलं, त्यात सीलंट भरलंच नाही, आणि तिथून पाणी थेंबथेंब आत. वरून सगळं गुळगुळीत, आत प्लायचा चिखल. [इथे कापलेल्या ट्रान्समचा फोटो]

चेक करायला मशिनरी लागत नाही. मशीन फळीवरच राहू दे, वर उचललेलं असेल तर खाली सरळ करा, त्याचा खालचा पाय धरा आणि जोर लावून वर-खाली हलवा, दुसऱ्याला फळीकडे बघायला सांगा. फळी मशीनबरोबर जराशी जरी वाकली तर समजायचं, आतून कुजलीय. मग छोटी हातोडी घ्या, किंवा स्क्रू ड्रायव्हरची मूठ पण चालते, आणि सगळीकडे ठोकत जा, चांगल्या जागी आवाज कडक येतो, कुजलेल्या जागी बसका, भद्द असा. बोल्टच्या वायसरखाली फायबर दबून खड्डा झालाय का, खालच्या भोकातून तपकिरी पाणी पाझरतंय का, हे पण बघा. ताजा रंग फक्त मागच्याच बाजूला मारलेला दिसला तर मी जास्त ठोकतो 😄

आणि वजनाचं लक्षात घ्या. 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक साधारण 70-75 किलोचं असतं, तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक 100 किलोच्या आसपास जातं. जुनी बोट घेऊन त्यावर नवीन फोर-स्ट्रोक लावायचा प्लॅन असेल तर हे जास्तीचं ओझं त्याच म्हाताऱ्या फळीवर येणार. शाफ्टची, म्हणजे मशीनच्या पायाची लांबी फळीच्या उंचीला जुळते का ते पण मोजा, शॉर्ट म्हणजे 15 इंच आणि लाँग म्हणजे 20 इंच, बोट एकीकडून आणि मशीन दुसरीकडून घेतलं की हमखास इथे गडबड होते.

बरं, फळी पास झाली, आता मशीन. पहिलं म्हणजे खालच्या गिअरकेसचा, म्हणजे पंख्याजवळच्या गिअरच्या डब्याचा तळाचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब ऑइल बाहेर काढा. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय. मग प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब गेज लावून घ्या, सिलेंडर-सिलेंडरमध्ये 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. इथे एक गंमत, मासेमारीची बरीच मशीनं केरोसीनवाली असतात, पेट्रोलवर स्टार्ट करून मग केरोसीनवर टाकायची, त्यांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी असतं, त्यामुळे पेट्रोल मशीनचा आकडा डोक्यात ठेवून बघितलं तर चांगलं मशीन पण नापास करून बसाल.

कोरडं स्टार्ट करून दाखवतो म्हणाला तर नाही म्हणा! आत पाणी ओढणारा रबरी इम्पेलर असतो, पाण्याशिवाय थोडा वेळ जरी फिरला तरी जळतो. पिंपात पाणी भरून पाय त्यात बुडवा आणि मग चालू करा, मागून पाण्याची धार जोरात यायला हवी. घेतल्यावर इम्पेलर तसाही बदलाच, स्वस्त पार्ट आहे. झिंकचा तुकडा म्हणजे ॲनोड, तो अर्धा झिजलेला असेल तर उलट बरं, खाऱ्या पाण्यात राहून पण कोरा करकरीत असेल तर एकतर कालच लावलाय किंवा त्यावर रंग मारलाय, आणि मग मशीनचं ॲल्युमिनियम झिजत असणार.

टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाका, वासावर जाऊ नका. आता आपल्याकडे 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि किनाऱ्यावर चार महिने पडलेल्या टाकीत पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. टू-स्ट्रोकला हे जास्त घातक, कारण त्या तळाच्या थरात ऑइल नसतं आणि मशीन नेमकं तळातूनच ओढतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, रबरी पाइप नवीन घाला.

आता ट्रान्सम खराबच निघाला आणि तरी बोट आवडली, भाव पाडून मिळतेय, तर? करता येतं. आतल्या बाजूचं फायबर कापायचं, बाहेरची कातडी शाबूत ठेवायची, कुजलेलं सगळं खरवडून सुकवायचं, आणि सुकवायचं म्हणजे खरंच सुकवायचं. मग मरीन प्लाय, आयएस 710 शिक्का बघून घ्या, साधं प्लाय नको, त्याचे थर रेझिनने (फायबरच्या कामातला घट्ट होणारा चिकट द्रव) चिकटवून क्लॅम्प मारायचे, वर मॅट आणि रोव्हिंग, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड चढवायचं. रेझिन दोन प्रकारचं, पॉलिस्टर आणि इपॉक्सी. जुन्या फायबरवर इपॉक्सी जास्त चांगलं धरतं पण महाग, आणि इपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट (वरचा चकचकीत थर) नीट सुकत नाही, म्हणून वर पेंटच मारा. हे सगळं कोकणातल्या जुलैत करू नका, त्या ओल्या हवेत प्लाय सुकतच नाही. जूनला भाव करून बोट शेडमध्ये झाकून ठेवा, काम दसऱ्यानंतर.

आणि हे नीट ऐका, पॉलिस्टर रेझिनला कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या मिळतात, त्या दोन्ही कधीही एकमेकांत थेट ओतायच्या नाहीत, भडका उडू शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, काम सुरू करताना मग हार्डनर. मास्क पाहिजेच. घासताना पूर्ण बाह्या, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

कागद! मासेमारीची नोंदणी असलेली बोट घेऊन त्यात पर्यटक फिरवता येत नाहीत, त्यासाठी मेरीटाइम बोर्डाकडे वेगळा सर्व्हे आणि नोंदणी लागते. बोटीवर रंगवलेला नंबर, कागदावरचा नंबर आणि मशीनच्या प्लेटवरचा नंबर तिन्ही जुळवा. मशीनची प्लेट खरवडलेली असेल तर चहा पिऊन परत या.

शेवटी ट्रायल. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, ती स्पीडबोट इंजिन ट्रायलवरच होती. त्यामुळे नवीन बसवलेलं मशीन घेऊन गर्दीच्या धक्क्यासमोर फुल थ्रॉटल मारायचा नाही, खाडीत मोकळी जागा बघा, भरती बघा, सगळ्यांना जॅकेट, घरच्यांना नंतर न्या. उतरवायच्या आधी तळाचं बूच लावलंय का ते हात लावून बघा. परत आल्यावर मशीन गोड्या पाण्याने धुवा, ट्रान्समचे बोल्ट परत आवळा, आणि दोन-तीन फेऱ्या झाल्या की गिअर ऑइलचा तो स्क्रू पुन्हा एकदा सैल करून बघा.