आधी परतीची बस, मग डोंगर

(झुरिच परिसरातल्या मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आल्प्सच्या पायथ्याच्या डोंगरांतल्या, बसने गाठता येतील अशा दोन वाटा आज तपशिलात सांगायच्या आहेत. त्या सांगतोच. पण मी उभा राहिलोय तो एका वेगळ्याच आग्रहापोटी. स्वतःची गाडी घेऊन डोंगरात गेलेला माणूस दिवसभर त्या गाडीला बांधलेला असतो. कितीही सुंदर डोंगरधार लागली तरी संध्याकाळी त्याच वाहनतळावर यायचं. बसवाल्याला ही अट नाही. एका खोऱ्यातून चढावं, माथा ओलांडावा आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरून तिथली बस धरावी. इथे बसलेल्यांपैकी जे एस.टी.ने सह्याद्री फिरलेत, एका गावातून चढून दुसऱ्या गावात उतरलेत, त्यांना याची गोडी वेगळी सांगायला नको.

आणि तरी वाटांची पुस्तकं, अ‍ॅप उघडून बघा. पहिली ओळ काय? ‘सुरुवात: वाहनतळ’. बसथांब्याचा उल्लेख असलाच तर तळाशी, बारीक अक्षरांत. त्यात खोट अशी की थांब्यापासून त्या वाहनतळापर्यंत कधीकधी दोन-तीन किलोमीटर डांबरी चढ असतो, तो पुस्तकातल्या वेळेत धरलेलाच नसतो. जाता-येता मिळून तास-सव्वा तास तिथे जातो आणि बस चुकते. म्हणून पुस्तकातली वेळ तशीच उचलू नका. नकाशावर थांबा शोधा आणि मोजणी तिथून सुरू करा.

या बसचं मोलही आपण जाणलं पाहिजे. स्वित्झर्लंडच्या टपाल खात्याची पहिली मोटारबस 1 जून 1906 ला बर्न ते डेटलिगेन अशी धावली. त्याआधी टपाल आणि प्रवासी घोडागाडीने जात. आजही डोंगरातल्या आंधळ्या वळणावर पिवळी पोस्टबस तीन स्वरांचा भोंगा वाजवते: सी शार्प, ई, ए. हे स्वर इटालियन संगीतकार रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या 1829 च्या ऑपेराच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतातले. ऐकायला गोड आहेतच, पण त्यामागे नियमही आहे. निळ्या पाटीवर पिवळं टपालाचं शिंग, म्हणजे जुन्या टपालगाडीचा भोंगा, दिसलं की तो डोंगरी टपालरस्ता. तिथे बसचालकाने खूण करून ‘थांबा’, ‘मागे घ्या’ म्हटलं तर खाजगी गाडीवाल्याला ते ऐकावंच लागतं. अरुंद रस्त्यावर कड्याच्या बाजूला मोटारवाला गोंधळून उभा आहे आणि बसचालक शांतपणे हाताने त्याला मागे मागे नेतो आहे, हे दृश्य पुढच्या खिडकीतून जरूर बघा. असा अधिकार सार्वजनिक बसच्या चालकाला देणारा देश मला फार आवडतो. याच देशाने 1979 मध्ये सार्वमत घेऊन पायवाटांना राज्यघटनेत जागा दिली. आज 65,000 किलोमीटरच्या आसपास वाटा पाट्यांनी आखलेल्या आहेत.

या पाट्यांबद्दल थोडक्यात. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर डोंगरवाट: पाय घट्ट हवेत, बूट पकड असलेले हवेत, उंचीची फार भीती नको. पांढरा-निळा-पांढरा असेल तर हाताचा आधार, बर्फ, दोर यांची तयारी लागते. आजच्या विषयात ती वाट बसत नाही. पाटीवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, आणि सपाटीवर ताशी 4.2 किलोमीटर असा चालण्याचा वेग गृहीत असतो. लहान मुलं बरोबर असतील तर दीडपट धरा.

आता वेळापत्रक. लोक फसतात ते इथेच. बायर्नमधल्या, म्हणजे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या, खेड्यांतल्या बसच्या वेळेपुढे छोटा ‘एस’ असतो: फक्त शाळेच्या दिवशी. ‘एफ’ म्हणजे फक्त सुट्टीच्या काळात. तिथली उन्हाळी सुट्टी साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे ऐन चालण्याच्या दिवसांत ‘एस’वाली दुपारची बस येतच नाही, आणि थांब्यावरच्या तक्त्यात तिची वेळ मात्र दिसत राहते. काही बस मागणीवरच येतात, त्यांना आधी कळवावं लागतं. उंचावरच्या कित्येक फेऱ्या फक्त उन्हाळ्यात असतात. वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्याच्या सुमाराला एका रविवारी बदलतं, त्यामुळे गेल्या वर्षी फोनमध्ये टिपून ठेवलेली वेळ वापरू नका. ज्या तारखेला जायचं ती तारीख टाकूनच बघा आणि पडद्याचं चित्र जतन करा. दरीत नेटवर्क जातं. दहाजणांहून मोठा गट असेल तर बसकंपनीला आधी कळवा. आणि परतीच्या थांब्यावर आडोशाला बसू नका, चालकाला दिसाल असे उभे राहा. थांब्यावर कुणी दिसलं नाही तर बस सरळ पुढे जाते.

आता हिशोब. जर्मन पद्धत सोपी आहे: तासाला 300 मीटर चढ, 500 मीटर उतार, 4 किलोमीटर आडवं अंतर. चढ-उताराचा वेळ एकीकडे, अंतराचा दुसरीकडे. मोठा आकडा पूर्ण घ्या आणि लहान निम्मा. समजा 12 किलोमीटर, 700 चढ, 700 उतार. चढाला 2 तास 20 मिनिटं, उताराला 1 तास 24, मिळून 3:44. अंतराला 3 तास, त्याचे निम्मे दीड. एकूण 5 तास 14. त्यात विश्रांतीचा एक तास. आता शेवटची बस 17:40 ला आणि तिच्या आधीची 16:40 ला असेल, तर बेत 16:40 चा करायचा, शेवटची राखीव. थांब्यावर वीस मिनिटं आधी पोचायचं, म्हणजे दहाच्या सुमाराला चालायला लागलंच पाहिजे. माथ्यापासून पलीकडचा उतार दोन तासांचा असेल, तर 14:20 ला माथा सोडायचा. तोवर पोचलाच नाहीत तर मागे फिरायचं, आणि त्यासाठी सुरुवातीच्या थांब्यावरची शेवटची बसही माहीत हवी. हे बहुतेक कुणी टिपून ठेवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस नेहमीचा, म्हणून पहिली बस केव्हाही चांगली.

चिठ्ठी आली आहे, सात-आठ मिनिटंच उरलीत. वाटा भरभर सांगतो.

पहिली, ईशान्य स्वित्झर्लंडमधल्या आपेनझेलची. गोसाऊहून छोट्या रेल्वेने उर्नेश, तिथून पोस्टबसने श्वेगआल्प, उंची 1352 मीटर. समोर झेंटिस शिखराची भिंत, 2502 मीटर. गर्दी रोपवेच्या रांगेत लागते. आपण पाठ फिरवून क्रोनबेर्गकडे निघायचं, 1663 मीटर. दोन-अडीच तास. झेंटिस चुनखडीचा, क्रोनबेर्ग मात्र नागेलफ्लूचा: नदीतले गोल गोटे नैसर्गिक सिमेंटने जोडलेले. कोरडा असताना पाय छान धरतो. पावसानंतर मात्र गोटे गुळगुळीत आणि मधल्या मातकट थरांचा चिखल. घसरतात लोक ते उतरताना, टाच आधी टेकवल्यामुळे. पूर्ण तळवा टेकवा, पावलं लहान ठेवा, काठी पुढे रोवा. कुरणात वासरं असलेल्या गायी दिसल्या तर लांबून वळसा घाला, मध्ये शिरू नका, कुत्रा असेल तर दोरीवर जवळ धरा. फाटक उघडलंत तर लावा. माथ्याखालचं संत याकोबचं चॅपेल बघून याकोब्सबाडला उतरा. उतार आठशे मीटरच्या घरात, गुडघ्यांना जड. दुखणारे गुडघे असतील तर रोपवे आहे. याकोब्सबाड त्याच उर्नेशच्या रेल्वेमार्गावर, त्यामुळे परतीची चिंता कमी. पहिल्यांदा जाणाऱ्याने हीच वाट घ्यावी.

दुसरी बायर्नमधली. म्युनिकहून रेल्वेने कोखेल, तिथून वाल्खेनझे तळ्याकडे जाणाऱ्या बसने केसेलबेर्ग खिंड, 858 मीटर. तिथून योखबेर्ग, 1565 मीटर. सातशे मीटर चढ, बराचसा जंगलातून, मुळांवरून. माथ्याची उत्तर बाजू सरळ तुटलेली आहे. फोटोसाठी गवताच्या कडेला जाऊ नका, ओलं गवत बर्फासारखं निसटतं. मे महिन्यात सावलीतल्या घळीत जुना बर्फ असू शकतो. पुढे योखर आल्म या डोंगरी कुरणावरून पूर्वेला उतरलं की याखेनाऊ, तिथून लेंगग्रीसची बस आणि रेल्वे. पण याखेनाऊच्या फेऱ्या मोजक्याच, सुट्टीच्या दिवशी आणखी कमी. म्हणून निर्णय आल्मवरच करा. घड्याळ विरोधात असेल तर दक्षिणेला झाखेनबाखला उतरा आणि तळ्याकाठच्या सपाट रस्त्याने उरफेल्ड गाठा. सकाळी आलात तीच कोखेलची बस तिथे थांबते. अपघात झाला तर 112, स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरसाठी 1414. नेटवर्क नसेल तर शिट्टी किंवा विजेरी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं.