तेरा पुढे, एकोणपन्नास मागे

28 जानेवारी 2024 रोजी पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात, इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. अशा शर्यतीत प्रेक्षकांचे डोळे साहजिकच हवेत झेपावणाऱ्या मोटरसायकलींवर खिळलेले असतात. या चित्रफितीत मात्र आपण मागच्या चाकाला बसवलेल्या दातेरी चकतीकडे आणि इंजिनाजवळ झाकणाआड दडलेल्या तिच्या लहान जोडीदाराकडे पाहणार आहोत. वळणातून बाहेर पडताना गाडी चाकाखालची माती मागे ढकलत सुसाट निघेल की क्षणभर गुदमरेल, हे बऱ्याच अंशी चेनने जोडलेल्या या दोन चकत्यांच्या, म्हणजे स्प्रॉकेटांच्या, दात्यांवर ठरते.

आता पडद्यावर आहे होंडाची सीआरएफ 450 आर ही मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या चढउताराच्या मार्गावरच्या शर्यतीची, गाडी. कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या पुढच्या स्प्रॉकेटला 13 आणि मागच्याला 49 दाते असतात. 49 ला 13 ने भागले की 3.77 हा रेशो मिळतो. याचा अर्थ, मागच्या चाकाचा एक फेरा पूर्ण होण्यासाठी पुढच्या स्प्रॉकेटला पावणेचारपेक्षा किंचित जास्त फेरे घ्यावे लागतात. मागच्या टायरचे माप 120/80-19 असल्याने त्याचा परीघ कागदावर सुमारे 2.12 मीटर भरतो, म्हणून पुढचे स्प्रॉकेट एकदा फिरले की गाडी साधारण 56 सेंटिमीटर पुढे सरकते. मागे 49 ऐवजी 51 दात्यांचे स्प्रॉकेट लावले, तर तेवढ्याच फेऱ्यात ती 54 सेंटिमीटरच जाते. हा फरक बोटाच्या एका पेराएवढा दिसतो, पण तो दर फेऱ्याला पडतो आणि असे शेकडो फेरे एका मिनिटात होतात.

दाते बदलल्याने नेमके काय होते, याचे उत्तर गॅरेजमध्ये एका वाक्यात मिळते: मागचे स्प्रॉकेट मोठे टाकले की पिकअप वाढतो आणि टॉप स्पीड कमी होतो. हे खरे आहे. इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही. 49 चे 51 दाते केले की मागच्या चाकाला मिळणारा पीळ (टॉर्क) चार टक्क्यांनी वाढतो आणि प्रत्येक गिअरमधला कमाल वेग जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात घटतो. पण माझ्या मते मातीच्या मार्गावर हे उत्तर अपुरे पडते, कारण तिथे टॉप स्पीड गाठण्याइतकी सरळ जागा सहसा नसतेच. तिथे खरा प्रश्न असतो तो एखाद्या विशिष्ट वळणाचा आणि त्या वळणासाठी हाताशी असलेल्या दोन गिअरांचा.

असे समजा की एका वळणात दुसरा गिअर ठेवला तर इंजिन किंचाळते आणि बाहेर पडताच पुढची उडी समोर असताना गिअर बदलावा लागतो. तिसरा ठेवला तर इंजिन मिनिटाला 5000 फेऱ्यांवर रेंगाळते आणि चालकाला क्लच दाबून त्याला जागे करावे लागते. मोटोक्रॉसच्या गाडीत दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये ढोबळमानाने वीस टक्क्यांचे अंतर असते. मागे दोन दाते वाढवले की तिसरा गिअर चार टक्क्यांनी, म्हणजे त्या अंतराच्या सुमारे पाचव्या हिश्श्याने, दुसऱ्याकडे सरकतो, आणि त्याच वळणात त्याच वेगाला इंजिन 5000 ऐवजी 5200 फेऱ्यांवर असते. 450 सीसीच्या इंजिनाला खालपासूनच भरपूर ओढ असल्याने तिथे हा फरक पचून जातो, पण 250 सीसीच्या चार-स्ट्रोक इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांत एकवटलेली असल्यामुळे त्याच्या चालकाला हेच दोनशे फेरे आधार वाटतात.

मातीचाही यात वाटा असतो. बेल्जियममधील लोमेलच्या खोल वाळूत चाक सतत रुतते, त्यामुळे तिथे मागे एखादा दाता वाढवणे स्वाभाविक ठरते. उलट, जमीन कडक आणि निसरडी असेल तर वाढलेला पीळ चाक जागच्या जागी फिरवण्यातच वाया जातो. वाळवंटी रॅलीचे गणित वेगळेच असते. 2015 साली मोटरसायकलस्वार सी. एस. संतोष डकार ही वाळवंटी रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्या रॅलीतही इंजिने 450 सीसीचीच असतात, मात्र मैलोन्‌मैल सरळ धावायचे असल्याने तिथे रेशो लांब पल्ल्याचा, म्हणजे आकड्याने लहान, हवा असतो.

पुढच्या स्प्रॉकेटची गोष्ट अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. पुढचे स्प्रॉकेट स्वस्त असते आणि पटकन बदलता येते, म्हणून पुष्कळ जण 13 च्या जागी 12 दात्यांचे बसवून मोकळे होतात. परिणाम मात्र मोठा असतो: रेशो 3.77 वरून 4.08 वर जातो, म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक वाढ होते. मागच्या बाजूने एवढेच साधायचे तर 53 दाते लागतील. पुढचा एक दाता मागच्या चार दात्यांएवढा असतो असे म्हणतात, त्याचे मूळ या भागाकारात आहे.

12/49 आणि 13/53 यांचा रेशो जवळपास सारखाच असला, तरी गाडी सारखी राहत नाही. मागे एक दाता वाढला की चेनचा साधारण अर्धा दुवा तिथे गुंततो आणि चेन तीच ठेवली तर मागचे चाक सुमारे चार मिलिमीटर पुढे घ्यावे लागते. चार दाते वाढवले तर चाक सोळा-सतरा मिलिमीटर पुढे येते, तर पुढचा एक दाता कमी केला तर ते सुमारे चार मिलिमीटर मागे जाते. दोन्ही मार्गांत जवळपास वीस मिलिमीटरचा फरक पडतो. चाक पुढे आले की दोन चाकांमधले अंतर घटते आणि गाडी वळणात चटकन झुकते. मागे गेले की ती खडबडीत सरळ पट्ट्यावर अधिक स्थिर राहते. मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, म्हणजे स्विंगआर्मवरच्या, खाचेत एवढी जागा नसेल तर चेनमध्ये दुवे वाढवावे लागतात.

शिवाय लहान स्प्रॉकेटवर चेनला जास्त वाकावे लागते. 13 दात्यांवर प्रत्येक दुवा सुमारे 27.7 अंशांनी वळतो, तर 12 दात्यांवर 30 अंशांनी. दाते कमी तेवढी स्प्रॉकेटची चकती वर्तुळापेक्षा बहुभुज होत जाते, आणि त्यामुळे चेनचा वेग प्रत्येक दात्यागणिक कमीजास्त होतो. हा चढउतार 13 दात्यांवर 2.9 टक्के असतो आणि 12 वर 3.4 टक्के. चेन स्विंगआर्मच्या रबरी पट्टीवर अधिक घासते, तिचे दुवे लवकर सैल होतात. त्यामुळे गाडीतून काही कायमचे हवे असेल तर बदल मागच्या स्प्रॉकेटमध्ये करावा, आणि एकदाच अंदाज घ्यायचा असेल तरच पुढच्याला हात लावावा, असे मला वाटते.

बदल करण्यापूर्वी मागच्या चाकाच्या ॲक्सलची (आसाची) जागा खडूने खुणावून ठेवावी. नवे स्प्रॉकेट जुन्या, ताणलेल्या चेनखाली घालू नये. अशी चेन नव्या दात्यांवर नीट बसत नाही आणि त्यांना लवकर झिजवते. मग त्याच मार्गावर, त्याच टायरवर, फक्त मागचा एक दाता बदलून काही फेऱ्या माराव्यात आणि सर्वांत अवघड वळणाकडे लक्ष द्यावे. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये, क्लचला बोट न लावता, चालक उडीपर्यंत पोहोचला, तर मागे आणखी एक दाता वाढवण्याची गरज नाही.