आणखी कुठे अर्ज केलाय?

नमस्कार, श्रोतेहो. कॉलेजच्या प्रवेश मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. "आणखी कुठे अर्ज केलाय?" आणि मुलं पटकन म्हणून जातात, "फक्त इथेच, सर." मीही तेच म्हणालो होतो.

समोर तिघे जण. मधले जाड चष्म्याचे गृहस्थ खाली बघून काहीतरी लिहीत होते. माझं "फक्त इथेच" ऐकून त्यांनी मान वर केली. "आणि इथे नाही मिळाला तर?" झाली पंचाईत! अर्ज आणखी तीन ठिकाणी केले होते, पण आता ते काढायचे कसे? म्हणालो, "वर्षभर थांबेन, सर. पुन्हा इथेच येईन." "वर्षभर काय कराल?" "वाचन." "काय वाचाल?" मी दोन पुस्तकांची नावं ठोकून दिली. त्यातलं एक मी फक्त कपाटात पाहिलेलं. वर नवे बूट चावत होते. जाता जाता सांगतो, मुलाखतीला नवे बूट घालू नका. घरचे आग्रह करतात, ऐकू नका. माणसानं उत्तराकडे लक्ष द्यायचं की टाचेकडे?

असो. आठ दिवसांनी दुसऱ्या कॉलेजात मुलाखत. दार ढकलून आत जातो, तर बाहेरचे तज्ज्ञ म्हणून तेच चष्मेवाले बसलेले! कागदावरचं नाव पाहिलं, मला पाहिलं आणि म्हणाले, "या, या. वर्ष फार लवकर संपलं हो तुमचं!"

मग मात्र मी चारही नावं सांगून टाकली. "हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" म्हटलं, "तुम्हाला राग येईल असं वाटलं." चष्मेवाले हसत सुटले. "अहो, माझी मुलगी सहा ठिकाणी फॉर्म भरून बसलीय!"

वेळ थोडा उरलाय, मुद्द्याचं बोलतो. जागा दिली तर हा येणार, की ती रिकामी राहणार, एवढंच कॉलेजला हवं असतं. ब्रिटनमध्ये यूकॅस या विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक व्यवस्थेच्या एकाच अर्जात 5 पर्यंत निवडी भरता येतात, आणि तुम्ही ऑफरना उत्तर देईपर्यंत एका विद्यापीठाला बाकीच्यांची नावं दिसत नाहीत. म्हणजे अनेक अर्ज तिथे गृहीतच. अमेरिकेतल्या 'अर्ली डिसिजन'चं वेगळं. तिथे मिळालं तर येणारच, असा शब्द तुम्ही एकाच कॉलेजला देता. तो दोघांना देऊ नका.

तर विचारलं, की खरं सांगा. न विचारता यादी वाचू नका. पुन्हा सांगतो, विचारलं तरच, आणि खरं. "याच विषयासाठी आणखी दोन ठिकाणी" एवढंही पुरतं. पण "तुम्हीच पहिली पसंती" हे वाक्य एकाच दारात.

त्या दुसऱ्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला. वर्षाअखेरीस तोंडी परीक्षेला परीक्षक कोण? चष्मेवाले. पहिलाच प्रश्न, "ते पुस्तक वाचलंत का?"

नव्हतं वाचलं. तसं सांगितलं. नमस्कार.