इव्हेंट क्लोज झाल्यावर

(नियंत्रण कक्षांतील कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर काही जण ड्युटीवरून थेट आलेत, काही घरची माणसं आहेत. घरच्यांना बोलावलं हे फार बरं केलं. रात्रपाळी करून आलेला माणूस दारात चप्पल काढतो तेव्हा त्याच्यासोबत काय काय घरात येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

त्यांच्यासाठी आधी कामाबद्दल थोडं. महाराष्ट्रात कुणीही 112 लावला की फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात पडद्यावर येते आणि इथला डिस्पॅचर जवळची गाडी पाठवतो. पत्ता लागेना, तर पुन्हा फोन लावून विचारायचं तेही त्यानेच. आपल्या खान्देशात पत्ता लागणं सोपं नाही. धडगावकडच्या पाड्यांवर रेंज जाते. रावेरकडचा माणूस घाबरून ‘केळीच्या बागेजवळ या’ म्हणतो, आणि तिथे चहूकडे केळीच केळी.

मी डिस्पॅचरच्या खुर्चीवर होते तेव्हाची, मे महिन्यातली एक दुपार. पत्त्यासाठी फोन लावला. “विहीरमा पोऱ्या पडना,” एवढंच एक बाई परत परत सांगत होती. मी अहिराणीतूनच विचारत राहिले, शिवार कोणतं, मळा कुणाचा. मागे आरडाओरडा, आणि पाण्याची मोटर चालू असल्याचा आवाज. गावाचं नाव हाती लागलं, गाडी निघाली, फोन कट झाला. काही वेळाने पडद्यावर ‘इव्हेंट क्लोज’, म्हणजे या कॉलचं काम संपलं. पुढचा कॉल लग्नातल्या डीजेच्या तक्रारीचा.

त्या पोराचं काय झालं? आपल्या कामाचा सगळा भार या एका प्रश्नात आहे. गाडीवरचे पोलीस, 108 चे डॉक्टर जागेवर पोहोचतात. बरंवाईट जे असेल ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडतं. आपल्या वाट्याला फक्त सुरुवात येते. उरलेलं मन रचत बसतं, आणि भ्यालेलं मन चांगलं कधी रचत नाही. शेजारी टाकी भरायला मोटर लावायचे आणि माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. पुढे त्या गाडीवरच्या हवालदारदादांनी आपणहून फोन केला. पोरगं वाचलं नव्हतं. मी खूप रडले, आणि त्या रात्री झोपले. वाईट का होईना, शेवट कळला होता. हळूहळू मोटरचा आवाज पुन्हा नुसता मोटरचा झाला.

4 जुलै 2023 ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला मुंबई-आग्रा महामार्गावर भरधाव कंटेनरने माणसं चिरडली. 22 जानेवारी 2025 ला पाचोऱ्याजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेले प्रवासी कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. अशा दिवशी धावून गेलेल्यांची विचारपूस व्हायलाच हवी. पण हेडसेट लावून बसलेल्याला सहसा कुणी विचारत नाही. त्याला स्वतःलाही वाटतं, मी तर खुर्चीत बसून होतो, मला काय धाड भरली? त्याला मी सांगते, 2012 मध्ये अमेरिकेत हेदर पियर्स आणि मिशेल लिली या दोघींनी आपल्यासारख्याच कॉल घेणाऱ्यांचा अभ्यास केला. जागेवर न जाताही आघात होतो, हे त्यात दिसलं. सर्वांत वाईट कॉल कोणता, याला सगळ्यांत जास्त उत्तर आलं ते लहान मुलाच्या इजेचं किंवा मृत्यूचं. तेव्हा झोप उडाली म्हणून स्वतःला कमकुवत समजू नका.

आता शांत कसं व्हायचं. पहिली गोष्ट शरीराची. कॉलच्या वेळी रक्तात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, ते पळण्या-झटण्यासाठी असतं, आणि आपण तर जागचे हलत नाही. म्हणून हेडसेट काढला की उठण्याआधी दोन-तीन मिनिटं श्वासाकडे द्या. चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून बाहेरचा श्वास लांब हवा. मग शक्य असेल तर थोडं चाला. गाडीला लगेच किक मारू नका.

दुसरी गोष्ट हात आणि डोळ्यांची. ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये लोकांना भीषण दृश्यांची फिल्म दाखवली आणि त्यानंतर काहींना टेट्रिस, म्हणजे पडद्यावर वरून पडणारे ठोकळे जुळवायचा खेळ, खेळायला दिला. खेळलेल्यांना ती दृश्यं नंतर कमी वेळा आठवली. डोळे आकारांत गुंतले की मनातल्या चित्राला तेवढी जागा कमी पडते, असा त्यांचा कयास. मी टेट्रिस काही खेळले नाही. मेथी निवडायची, शेंगा सोलायची, आणि मला त्याचा उपयोग झाला. वहिनी, ड्युटीवरून आलेले दादा मुकाट्याने परातीसमोर बसले तर बसू द्या. ‘आज काय झालं, सांगा ना’ असं खोदू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतही हेच आहे, बोलायचा आग्रह करू नये, जवळ असावं, ऐकायला तयार असावं.

झोपेबद्दल इथल्या उन्हाळ्यातच बोलायला हवं. पारा 44-45 वर, रात्रपाळी झालेली, आणि सकाळी अकराला लाइट जाते. कूलर बंद, पत्रा तापलेला. अशात माणूस चिडणारच. पहाटे घरी येताना डोळ्यांवर गॉगल असू द्या, सकाळचा उजेड मेंदूला जागं करतो. खिडकीला जाड गोधडी लावा, खालच्या मजल्यावरची किंवा धाब्याची खोली असेल तर ती याला द्या. पहाटे तीननंतरचा चहा सोडा, त्यातलं कॅफिन सकाळपर्यंत अंगात रेंगाळतं. आणि मोबाइलवर त्याच अपघाताचे व्हिडिओ बघणं तर मुळीच नको.

महिना उलटला, तरी तोच आवाज कानात येतोय, फोन वाजला की हात थरथरतोय, दारू वाढतेय, तर 14416 लावा. टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, मराठीतही बोलतात. दिवसभर दुसऱ्यांना मदत पाठवणाऱ्यांनी एकदा स्वतःसाठीही फोन लावावा.

शेवटी अधिकाऱ्यांकडे एक मागणी, सगळ्यांसमोरच करते. गंभीर कॉल असेल तर गाडीवरच्या माणसाने परतल्यावर कॉल हाताळलेल्याला दोन वाक्यं सांगावीत: पोहोचलो तेव्हा काय होतं, पुढे काय झालं. नाव-गाव नको. ड्युटी संपली असेल तर दुसऱ्या दिवशी सांगा, पण सांगा. याला पैसा लागत नाही, नवं सॉफ्टवेअर लागत नाही. पाळी बदलताना चार्ज देता ना, त्याच वहीत एक रकाना आखा. येत्या पाळीपासून सुरू करता येईल.