आकडा माझ्या अक्षरात

(नुकत्याच कमावत्या झालेल्या तरुणांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मित्रमैत्रिणींनो, मी २४ वर्षांची होते तेव्हा माझ्या टेबलाच्या सगळ्यांत खालच्या खणात अकरा पाकिटं होती. एकही फोडलेलं नव्हतं. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. क्रेडिट कार्डाची पत्रकं, शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाची स्मरणपत्रं, हप्त्यांवर घेतलेल्या एका वस्तूची थकबाकी. नवं पाकीट आलं की खण हात जाईल एवढाच उघडायचा, पाकीट आत सरकवायचं आणि खण लावून टाकायचा. असं मी जवळजवळ वर्षभर केलं. त्या वर्षभरात मी स्वतःला बेजबाबदार मात्र समजत नव्हते. झोपताना, उठताना, कुणी पैशांचा विषय काढला की माझ्या पोटात गोळा यायचा. मला वाटायचं, इतकी काळजी करतेय म्हणजे जबाबदारी घेतेच आहे की!

माझ्या एका मैत्रिणीकडूनही मी पैसे उसने घेतले होते. तिनं कधी तगादा लावला नाही. एकदा तिनं नुसतं विचारलं, "तुझं एकूण देणं किती आहे गं?" मी एक आकडा सांगितला. ती म्हणाली, "नक्की?" मला उत्तर देता येईना. त्या रात्री मी अकराही पाकिटं फोडली, एक वही घेतली आणि एकेक देणं ओळीनं लिहिलं. कुणाचं, मुद्दल किती उरलं, व्याजाचा दर काय, हप्त्याची तारीख कोणती. शेवटची ओळ मैत्रिणीच्या नावाची. खाली रेघ मारून बेरीज केली, तर मी तिला सांगितलेल्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट निघाली.

रडू आलं. पण पाकिटांतले आकडे छापील होते, कुणीतरी माझ्यावर लादल्यासारखे वाटायचे, आणि वहीतला आकडा माझ्या अक्षरात होता. देणं आपल्या हातानं लिहून काढेपर्यंत ते आपलं होत नाही, आणि आपलं झाल्याशिवाय ते फिटायला लागत नाही, असं मला तेव्हापासून वाटतं. आज तुमच्याशी बोलायला आले आहे ती एवढ्याचसाठी.

आता खण बंद ठेवण्याची किंमत काय पडते ते बघू. विशी-पंचविशीत कर्ज काढणारा माणूस एक गोष्ट गृहीत धरतो, की आपली कमाई पुढे वाढणारच आहे, तेव्हा फेडू. वाढेलही. पण व्याज तिच्यासाठी थांबत नाही. दरमहा ३ टक्के म्हटलं की किरकोळ वाटतं. त्याला बारानं गुणून वर्षाचे ३६ टक्के म्हणाल, तर तेही कमीच, कारण न भरलेलं व्याज पुढच्या महिन्यात मुद्दलात जाऊन बसतं आणि त्याच्यावरही व्याज चढतं. वर्षाअखेर शंभराचे १४२ होऊन वर थोडे उरतात. दोन वर्षांत रक्कम दुप्पट. पाढे पाठ असलेल्या कुणालाही हे करून बघता येईल, पण खण बंद असला की कुणी करत नाही.

कार्डाच्या पत्रकावर 'किमान देय रक्कम' असा एक चौकोन असतो. पाकिटं खणात जायला लागण्याआधी मी कित्येक महिने तेवढीच भरत होते आणि आपण नियमित आहोत असं समजत होते. तिचा हिशोब नीट ऐका. चलन कुठलंही धरा. देणं एक लाख, व्याज महिन्याला ३ टक्के, किमान रक्कम थकलेल्या रकमेच्या ५ टक्के, आणि कार्डावर नवा खर्च शून्य. पहिल्या महिन्यात व्याज धरून देणं होतं १,०३,०००. त्याचे ५ टक्के म्हणजे ५,१५० भरायचे. पुढच्या महिन्यात देणं जरा कमी, म्हणून किमान रक्कमही जरा कमी. असं वर्षभर एकही तारीख न चुकवता भरलंत तर तुमच्या खिशातून सुमारे ५५ हजार जातात आणि कर्ज उरतं ७७ हजार. ५५ हजार भरून कमी झाले फक्त २३ हजार. बाकीचं सगळं व्याजात गेलं.

आता यात एकच बदल करा. पत्रकावर किमान रक्कम कितीही उतरू दे, तुम्ही पहिल्या महिन्याचे ते ५,१५० धरूनच ठेवा. दर महिन्याला तेवढेच, एक पैसाही जास्त नाही. कर्ज तिसाव्या महिन्यात संपतं. आणि किमान रकमेच्या वाटेनं गेलात तर त्याच तिसाव्या महिन्यात तुमच्या डोक्यावर अजून ५२ हजार असतात. पहिल्या महिन्यात जे जमलं होतं तेच पुढे चालू ठेवायचं आहे, जास्तीचा त्याग कुणी मागत नाहीये. हे मला २३व्या वर्षी कुणी कागदावर मांडून दाखवायला हवं होतं, म्हणून मी तुम्हाला मांडून दाखवते आहे.

व्याजाच्या दराबद्दल आणखी एक. दर सांगितला की तो कशावर आहे ते विचारा. १२ टक्के सरसकट, म्हणजे सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर, आणि १२ टक्के उरलेल्या मुद्दलावर, यांत खूप फरक आहे. वर्षाच्या मासिक हप्त्यांच्या कर्जाला सरसकट १२ टक्के लावले, तर उरलेल्या मुद्दलाच्या हिशोबानं तो दर २१ टक्क्यांच्या वर जातो. कारण सोपं आहे. फेडून टाकलेल्या पैशांवरही तुम्ही शेवटपर्यंत व्याज देत राहता.

माझ्या वहीच्या मधल्या पानांवर मी पुढे दोन माणसांबद्दल टिपून ठेवलं. दोघंही एकाच काळातले आणि तरुणपणीच कर्जात बुडालेले. पहिले अब्राहम लिंकन. १८३३ साली, विशीत असताना, त्यांनी न्यू सेलम या अमेरिकेतल्या वस्तीत विल्यम बेरी नावाच्या भागीदाराबरोबर दुकान काढलं, तेही बरंचसं उधारीच्या चिठ्ठ्यांवर. दुकान बसलं. १८३५च्या जानेवारीत बेरी वारला आणि दोघांचं मिळून सुमारे ११०० डॉलरचं देणं एकट्या लिंकनच्या अंगावर आलं. त्यांची तेव्हाची मिळकत पाहता ते इतकं मोठं होतं, की ते स्वतः त्याला 'राष्ट्रीय कर्ज' म्हणत. सावकारांनी जप्ती आणली, घोडा आणि जमीनमोजणीची उपकरणं लिलावात गेली. ती एका स्नेह्यानं विकत घेऊन त्यांना परत दिली, म्हणून पोटापाण्याचं साधन हातात राहिलं. अशा वेळी रातोरात वस्ती सोडून जाणारेही असत. लिंकन पळून गेले नाहीत, आणि पुढे कित्येक वर्षं थोडं थोडं करून ते देणं त्यांनी फेडलं. मला यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की कर्ज फिटेपर्यंत त्यांचं आयुष्य थांबलं नाही. ते निवडून आले, कायदा शिकले, वकिली सुरू केली. कर्ज फिटल्यावर जगायला सुरुवात करू असं तुमच्यापैकी कुणी ठरवलं असेल, तर मी तुम्हाला हात जोडून सांगते, तसं करू नका.

दुसरा बाल्झाक, फ्रेंच कादंबरीकार. त्याचा छापखान्याचा व्यवसाय १८२८ साली बुडाला. तो तेव्हा २९ वर्षांचा होता आणि देणं सुमारे ६० हजार फ्रँकचं होतं. त्यातलं बरंचसं घरच्यांचंच, आईचं. कष्टांत तो कुणाला हार गेला नसता, मध्यरात्री उठून सकाळपर्यंत लिहीत बसायचा. पण हातात येणाऱ्या पैशांपेक्षा खर्च नेहमी पुढे, आणि जुनं देणं भागवायला नवं. याची टोपी त्याच्या डोक्यावर. १८५० साली तो गेला तोपर्यंत कर्जातून सुटला नाही. त्याच्याबद्दल वाचताना मला राग येत नाही, पोटात तुटतं. इतकी मेहनत करणारा माणूस! पैसे मिळवायची त्याची ताकद अफाट होती, पण त्या ताकदीनं त्याला वाचवलं नाही. 'पगार वाढला की बघू' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

लिंकनच्या त्या भागीदारावरून, बेरीवरून आठवलं. "तुझ्या नावावर कर्ज काढ, हप्ते मी भरतो" असं एखादा मित्र, भाऊ, प्रियकर म्हणतो. किंवा "फक्त जामीन राहा, नावापुरता." सहीला नावापुरतं असं काही नसतं. ज्या कागदावर तुमची सही आहे ते देणं तुमचं आहे, मग वस्तू कुणाच्याही घरात असो. सही करायची असेल तर आधी ती सगळी रक्कम आपल्या वहीत, आपल्या बेरजेत लिहून बघा. लिहिताना हात थबकला, तर मित्राला नाही म्हणा. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या.

आणि घरचे? आईवडील पुढे होऊन देणं चुकतं करतात, अनेकांच्या बाबतीत असं होतं. मदत घेण्यात कमीपणा नाही. पण ती वहीत लिहा, तारखेसकट. कार्डाचं देणं पुसलं गेलं आणि त्या जागी आईच्या नावाची ओळ आली, असं झालं पाहिजे. ती 'नको देऊस' म्हणेल. तुम्ही महिन्याला थोडं का होईना देत राहा. घरच्यांनी दोनदा सोडवलेला मुलगा तिसऱ्यांदा त्याच खड्ड्यात पडलेला मी पाहिला आहे. तो वाईट नव्हता. त्याला आपला आकडा कधी लिहावाच लागला नव्हता.

कोणतं देणं आधी फेडायचं, यावर लोक फार वाद घालतात. गणिताच्या दृष्टीनं सगळ्यांत जास्त दराचं आधी, यात शंका नाही. काही जण सगळ्यांत लहान आधी संपवतात, कारण एक ओळ खोडली की हुरूप येतो. व्याजदरांत फार फरक नसेल तर खुशाल तसं करा. मी दर बघूनच फेडलं, पण एक अपवाद केला. मैत्रिणीच्या बिनव्याजी पैशांतलेही दर महिन्याला थोडे देत राहिले. व्याज नसलेलं देणं आपण सगळ्यांत शेवटी ढकलतो, आणि माणसं नेमकी तिथेच दुरावतात. बाकी, अडीअडचणीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवूनच फेड सुरू करा, नाहीतर पहिल्याच आजारपणाला पुन्हा कार्ड बाहेर निघतं.

हप्ता खरोखरच भरता येणार नसेल तेव्हा काय? नोकरी जाते, घरात कुणी अंथरुणाला खिळतं. अशा वेळी तारीख उलटायच्या आधी स्वतः फोन करा. हप्ता पुढे ढकलता येतो का, मुदत वाढवता येते का, विचारा, आणि जे ठरेल ते लेखी मागून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबी या बॅबिलोनच्या राजाच्या कायद्यात ४८वं कलम यासाठीच आहे. पुरानं किंवा दुष्काळानं पीक बुडालं, तर त्या वर्षी शेतकऱ्यानं सावकाराला धान्य द्यायचं नाही, त्या वर्षाचं व्याजही नाही. करार मातीच्या पाटीवर कोरलेला असे, तो बदलायचा तर पाटी भिजवायची, असे शब्द त्या कलमात आहेत. पण पाटी भिजवायची म्हणजे कुणीतरी ती बाहेर काढायला हवी. मी तर ती खणात ठेवून दिली होती. माझ्या अकरा पाकिटांतल्या एका पत्रात हप्त्यांची फेरमांडणी करून द्यायची तयारी लिहिलेली होती. मी ते फोडलं तोवर त्याची मुदत संपून चार महिने झाले होते.

मला सगळं फेडायला तीन वर्षं आणि दोन महिने लागले. एक शेवटची चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. कार्डाच्या पत्रकावरची पूर्ण रक्कम भरली, वहीतली ओळ खोडली आणि मोकळी झाले. पण पत्रक निघाल्याच्या दिवसापासून मी पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं व्याज त्या आकड्यात नव्हतंच. ती चिल्लर रक्कम पुढच्या पत्रकात आली. मी ते पाहिलं नाही, कारण माझ्या लेखी ते खातं संपलं होतं. तिच्यावर विलंब शुल्क चढत गेलं आणि आठ महिन्यांनी पुन्हा एक पाकीट आलं.

या वेळी मी ते दारातच फोडलं. दुसऱ्या दिवशी गेले, पैसे भरले, खातं बंद करायला लावलं आणि थकबाकी नसल्याचा दाखला हातात पडेपर्यंत तिथून हलले नाही. घरी येऊन तो वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवला. मग मैत्रिणीकडे तिची उरलेली रक्कम घेऊन गेले. तिनं मोजली नाही, बाजूला ठेवली आणि म्हणाली, "किती होते गं एकूण? मला आठवतसुद्धा नाही." मी तिला वही उघडून तिच्या नावाची ओळ दाखवली.