न जाणवणारं औषध

[दृश्य: टेबलावर दोन इन्हेलर. एक निळा, एक जांभळा.]

दमा असलेल्या माणसाला विचारा, यातला तुमचा पंप कोणता? हात बहुधा निळ्याकडे जाईल.

साहजिकच आहे. छाती आवळून आली, घरघर सुरू झाली की निळा तोंडाला लावायचा. काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. दुसरा मात्र त्रास असो वा नसो, सकाळ-रात्र घ्यायचा. घेतला तरी लगेच काही वाटत नाही, आणि एखाद्या दिवशी राहून गेला तरी काही बिघडल्यासारखं वाटत नाही. मग एखादा आठवडा बरा जातो आणि तो कपाटात मागे सरकतो.

आपण बोलणार आहोत ते या मागे सरकलेल्या पंपाबद्दल. फक्त रंगावर विसंबू नका. निळा रंग बहुतेक ठिकाणी तातडीच्या औषधाचा असला, तरी तसा जगभर नियम नाही. डबीवरचं नाव वाचायचं.

[दृश्य: जुना काचेचा फवारा, त्याला रबरी फुगा.]

इन्हेलरचा जन्मच मुळी झटपट आरामासाठी झाला. जॉर्ज मेसन हे अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख. असं सांगतात की 1955 साली त्यांच्या दमा असलेल्या मुलीनं त्यांना विचारलं, माझं औषध हेअर स्प्रेसारखं डबीतून का मिळत नाही? 1956 मध्ये कंपनीनं मोजून मात्रा देणारा फवारा बाजारात आणला. त्यात श्वासनलिका सैल करणारं औषध होतं. 1969 मध्ये साल्बुटामोल आलं. आजचा निळा पंप तो हाच.

पण दम्यात नळ्या नुसत्या आवळत नाहीत. त्यांचं आतलं अस्तर सुजलेलं असतं, चिकट कफ साचतो. साल्बुटामोल नळीभोवतीचे स्नायू सैल करतं आणि सुजेला हातही लावत नाही. म्हणजे रुग्णाला बरं वाटतं, आजार मात्र होता तिथेच. ब्रिटनमध्ये दम्यानं झालेल्या मृत्यूंचा एक राष्ट्रीय आढावा 2014 साली प्रसिद्ध झाला. मृत्यूच्या वेळी तातडीचा पंप वापरणाऱ्यांपैकी ज्यांच्या नोंदी मिळाल्या, त्यातल्या 39 टक्के लोकांना आधीच्या वर्षभरात असे 12 पेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते. महिन्याला एकाहून अधिक. आराम मिळत होता, म्हणून कुणाला धोक्याची घंटा ऐकू आली नाही.

[दृश्य: श्वासनलिकेचा छेद, सुजलेलं अस्तर.]

सुजेवरचं औषध म्हणजे श्वासातून घ्यायचं स्टेरॉईड. बेक्लोमेथासोन, ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन ही त्यातली नावं. हे औषध सावकाश काम करतं. फरक दिसायला दिवस लागतात, पूर्ण परिणामाला आठवडे.

'स्टेरॉईड' म्हटल्यावर अनेकांच्या कपाळाला आठी पडते, तेव्हा एक हिशेब सांगून टाकू. इन्हेलरमधली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीतली मिलिग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम. जो माणूस या भीतीनं पंप टाळतो, त्यालाच पुढे दम्याचा झटका येतो आणि स्टेरॉईडच्या गोळ्या घ्याव्या लागतात.

1990 च्या सुमारास आणखी एक औषध आलं, साल्मेटेरॉल. नळ्या सैल करायचं काम तेच, पण परिणाम 12 तास. रुग्ण खूश. 1996 मध्ये अमेरिकेत त्याची मोठी चाचणी सुरू झाली आणि 26,000 हून अधिक लोक त्यात आले. 28 आठवड्यांच्या उपचारात साल्मेटेरॉल घेणाऱ्यांपैकी 13 जण दम्यानं दगावले, औषधविरहित पंप घेणाऱ्यांपैकी 3. आकडे लहान, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. 2003 मध्ये चाचणी मध्येच थांबवली गेली. बहुतेक तज्ज्ञ त्याचा अर्थ असा लावतात: नळ्या सैल राहिल्यानं बरं वाटत राहिलं, आणि आत सूज वाढत गेली.

म्हणून दम्यात हे औषध एकटं द्यायचं नाही. सोबत स्टेरॉईड हवंच. आणि ते वेगळ्या डबीत दिलं तर काय होणार, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं: जाणवणारं औषध घेतलं जाणार, न जाणवणारं राहणार. एका डबीत दोन्ही घातली की ही निवडच उरत नाही. कॉम्बिनेशन इन्हेलरमध्ये मला खरी हुशारी दिसते ती इथे. रसायनापेक्षा माणसाचा स्वभाव त्यात नीट ओळखला आहे. पुढे मोठ्या चाचण्यांमध्ये जोडीनं घेतलेलं औषध सुरक्षित ठरलं, आणि 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं अशा जोड-इन्हेलरवरचा ठळक धोक्याचा इशारा काढून टाकला.

जोड्याही सारख्या नाहीत. फॉर्मोटेरॉल हेही साल्मेटेरॉलसारखंच नळ्या सैल करणारं औषध, पण त्याचा परिणाम तीनेक मिनिटांत सुरू होतो. म्हणून ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप रोजसाठी आणि त्रासाच्या वेळी, असा दोन्हीकडे वापरता येतो. अर्थात डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर, आणि दिवसाची मर्यादा पाळून. साल्मेटेरॉलच्या जोडीचं तसं नाही. झटका आल्यावर ती ओढत बसण्यात वेळ जातो. वाक्य पुरं करता येत नाही, ओठ निळसर दिसतायत, तातडीच्या पंपानं उतार पडत नाही, अशा वेळी थेट रुग्णालय गाठायचं.

[दृश्य: हातात इन्हेलर. झाकण उघडतं, डबी हलवली जाते.]

आता घेण्याची रीत. पाण्यासोबत गिळलेली गोळी पोटात जाणारच. इन्हेलरच्या औषधाला मात्र फुफ्फुसाची वाट आपणच करून द्यावी लागते. नाहीतर ते घशाच्या भिंतीवर आपटतं आणि गिळलं जातं.

फवाऱ्याचा पंप आधी हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. ओठ घट्ट मिटायचे, श्वास आत घ्यायला लागतानाच कळ दाबायची, आणि हळूहळू, चार-पाच सेकंद, खोल ओढत राहायचं. मग दहा सेकंद श्वास रोखायचा. कळ आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला जोडायचा पोकळ डबा, लावावा. तो लहान मुलांसाठी असतो हा गैरसमज आहे, मोठ्यांनाही त्याचा तितकाच फायदा होतो.

पावडरच्या इन्हेलरची रीत उलटी. तिथे पावडर उडवायला जोर लागतो तो आपल्याच श्वासाचा, म्हणून झपकन आणि जोरात ओढायचं. त्यात फुंकर मारायची नाही, पावडर ओली होते. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकार आहेत त्यांची हमखास गल्लत होते, हळूच्या जागी जोरात आणि जोराच्या जागी हळू. म्हणून प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर किंवा नर्ससमोर एकदा घेऊन दाखवावं. त्यांनी विचारलं नाही तरी.

घेऊन झाल्यावर चूळ भरायची, गुळण्या करायच्या, पाणी थुंकायचं. तोंडात पांढरी बुरशी येणं, आवाज बसणं, हे त्रास बऱ्याच अंशी यानंच टळतात. हात थरथरणं किंवा छातीत धडधडणं हा नळ्या सैल करणाऱ्या औषधाचा परिणाम. तो टिकला तर डॉक्टरांना सांगावं.

[दृश्य: जिन्यात मध्येच थांबलेला वयस्कर माणूस.]

सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होत जाण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार. त्यात गणित बदलतं. वर्षानुवर्षांच्या धुरानं फुफ्फुसातले वायुकोश झिजलेले असतात. ते परत येत नाहीत. तिथे पायाभूत उपचार म्हणजे नळ्या सैल ठेवणारी दीर्घ परिणामाची औषधं. स्टेरॉईड सगळ्यांना लागत नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे 6,000 रुग्णांच्या तीन वर्षांच्या चाचणीत जोड-इन्हेलरनं आजार बळावण्याचे प्रसंग कमी केले, पण स्टेरॉईड घेणाऱ्यांत न्यूमोनियाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणून वारंवार आजार बळावतो का, रक्तात इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी किती आहेत, हे पाहून ठरवतात. गरज पडलीच तर आता बहुधा तीन औषधांचा एकत्र पंप देतात. शेजाऱ्याला दम्यासाठी दिलेला इन्हेलर सीओपीडीवाल्यानं उचलू नये, त्याचं कारण हे.

"बरं वाटतंय, मग बंद करू का?" हा प्रश्न प्रत्येक डॉक्टर ऐकतो. दमा साधारण तीन महिने आटोक्यात राहिला तर मात्रा कमी करण्याचा विचार होतो, पायरीपायरीनं. आपणहून एकदम थांबवलं तर सूज परत येते, आणि ती येताना जाणवत नाही. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी नेहमीइतकाच घ्यावा, दुप्पट नाही.

[दृश्य: इन्हेलरच्या मागचा आकडा. 002. 001. 000.]

शेवटी हा आकडा. फवाऱ्याच्या डबीतले मोजलेले डोस संपले तरी आतला वायू उरतो. कळ दाबली की आवाज येतो, धुकं उडतं, पण औषध पुरेसं असेलच असं नाही. डबी पाण्यात तरंगते का बघण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही. काउंटर नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर लिहायची. 120 मात्रा, सकाळी दोन, रात्री दोन: 30 दिवस. नवीन पंप त्याआधीच आणून ठेवायचा.