शंभर चेंडूंच्या खेळानं क्रिकेट बिघडतंय काय? बेळगावच्या मैदानावरून सांगतो

नमस्कार मंडळी. बेळगावहून तुम्हा सगळ्यांना राम राम.

आजचा विषय तुम्हीच लावून धरलाय. कुठलाही व्हिडिओ टाकू दे, अगदी स्वीप शॉटचा जरी असला तरी खाली प्रश्न ठरलेला. ‘सर, ते द हंड्रेड काय प्रकार आहे? त्यानं खरं क्रिकेट संपणार काय?’ मुंबई इंडियन्सच्या मालकांनी लंडनच्या ओव्हल इन्व्हिन्सिबल्समध्ये ४९ टक्के हिस्सा घेतला, सनरायझर्सवाल्यांनी लीड्सचा नॉर्दर्न सुपरचार्जर्स संघ अख्खाच घेतला, तेव्हापासून तर रोज. खानापूरहून एकानं लिहिलंय, ‘आता आपलीच टीम झाली की, नियम तरी सांगा.’ सांगतो.

नियम पटापट घेतो, कारण बरेचसे तुम्हाला ठाऊक आहेत. २०२१ च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालं. सात शहरांचे आठ संघ, त्यातले दोन लंडनचे. प्रत्येक डाव शंभर चेंडूंचा. एका गोलंदाजाला जास्तीत जास्त वीस चेंडू. पहिले पंचवीस चेंडू पॉवरप्ले, म्हणजे तेवढा वेळ बहुतेक फील्डर आतच ठेवायचे. नो बॉलला दोन धावा. पाच चेंडू झाले की पंच पांढरं कार्ड वर करतात. झालं.

आता थांबा. इथंच सगळे चुकतात. परवा एका मॅचच्या लाइव्ह चॅटमध्ये आपल्याकडचीच चांगली खेळणारी पोरं भांडत होती, म्हणून हे नीट सांगतो. पाच चेंडूंनी एंड, म्हणजे गोलंदाजीची बाजू, बदलत नाही. एंड दहा चेंडूंनी बदलतो. गोलंदाज पाचनंतर बदलता येतो, किंवा तोच पुढं चालू ठेवून सलग दहा टाकू शकतो. पण बाजू तीच राहते.

आपल्या सरदार्स ग्राउंडवर मॅच चालली आहे असं धरा. शाळेकडच्या बाजूनं बॉलिंग. थोरला स्ट्राइकवर, धाकटा पलीकडं. पाचवा चेंडू, थोरल्यानं एकेरी धाव काढली. थोरला पलीकडं गेला, धाकटा इकडं आला. आपल्या नेहमीच्या क्रिकेटमध्ये षटकाच्या शेवटच्या चेंडूला अशी धाव काढली, तर पुढचा चेंडू समोरच्या बाजूनं पडतो आणि थोरलाच परत खेळतो. इथं बाजू बदललेलीच नाही. सहावा चेंडू शाळेकडूनच येणार आणि तो धाकट्याला खेळायला लागणार. म्हणजे पाचव्या चेंडूवर एकेरी काढली की स्ट्राइक गेली.

अजून गोंधळ होत असेल तर आकड्यांनी बघा. (वही कॅमेऱ्यापुढं धरत) ही माझी स्कोअरिंगची वही. ५, १५, २५, ३५ असे नव्वदीपर्यंत हे जे पाचावर संपणारे चेंडू आहेत, त्यांच्यावर एकेरी काढली की स्ट्राइक जाते. १०, २०, ३०, ४० या चेंडूंवर एकेरी काढली की स्ट्राइक राहते. टी-ट्वेंटीच्या एका डावात एकोणीस वेळा बाजू बदलते, इथं फक्त नऊ वेळा. शंभर चेंडू म्हणजे १६ षटकं ४ चेंडू, म्हणजे टी-ट्वेंटीच की थोडी आखूड, असं म्हणणाऱ्यांनी हा एकोणीस आणि नऊचा फरक बघावा. एका बाजूची सीमारेषा जवळ असेल आणि वारा तिकडंच वाहत असेल, तर फलंदाजाला सलग दहा चेंडू ते आमिष समोर दिसतं. लेगस्पिनरचा जीव तेवढा वेळ टांगणीला.

आणि आता कॅप्टनच्या डोक्यानं बघा, म्हणजे हे कायमचं पक्कं होईल. सेट झालेला फलंदाज खेळतोय, समोर दहाव्या नंबरचा उभा. आपण नेहमी षटकाच्या शेवटच्या चेंडूला काय करतो? सगळे फील्डर आत ओढतो, एकेरी अडवतो, म्हणजे पुढच्या षटकाला तो दहाव्या नंबरचा सापडतो. हंड्रेडमध्ये पाचव्या चेंडूला हेच केलंत तर उलटं होईल. तिथं फील्डर मागं ठेवायचे, एकेरी खुशाल घेऊ द्यायची, कारण सहावा चेंडू त्या शेवटच्याच फलंदाजावर येणार. आत ओढायचं ते दहाव्या चेंडूला. बघा, पहिल्या दिवशी क्रिकेट बघणाऱ्या माणसासाठी सोपा केलेला खेळ, पण कॅप्टनला नवीन कोडं घातलंय. याला मी क्रिकेट बिघडणं म्हणणार नाही.

चिकोडीच्या एका ज्येष्ठ दर्शकांनी फार तळमळीनं लिहिलंय. ‘सहा चेंडूंचं षटक मोडलं म्हणजे क्रिकेटचा पायाच काढला.’ काका, तुमचं प्रेम मला समजतं, पण इतिहास तसा नाही. इंग्लंडमध्ये १८८९ पर्यंत चार चेंडूंचं षटक होतं, मग पाचचं झालं, १९०० मध्ये सहाचं. ऑस्ट्रेलियात १९३६ पासून १९७९ पर्यंत आठ चेंडूंची षटकं टाकत होते. आणि आपल्या शेजारच्या सांगलीचे विजय हजारे! १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतकं केली, ११६ आणि १४५. ती आठ चेंडूंच्या षटकांसमोर केली. त्या खेळींचं मोल त्यानं कमी झालं काय? षटकात किती चेंडू यावर क्रिकेट उभं नाही.

नवीन प्रकारानं जुन्याला काही दिलंय हेही सांगायला पाहिजे. पूर्वी झेल हवेत असताना दोघं क्रॉस झाले, तर नवा फलंदाज पलीकडं जायचा आणि जुना स्ट्राइकवर यायचा. यावरून आपल्या मैदानांवर किती भांडणं झाली असतील! ‘क्रॉस झालो होतो.’ ‘नव्हता झाला.’ मी स्कोअरला बसलो की दोन्हीकडची माणसं माझ्याच टेबलाकडं यायची. हंड्रेडनं पहिल्याच वर्षी नियम केला की झेलबाद झाला की नवा येणारा स्ट्राइक घेणार, क्रॉस झाले असोत नसोत. १ ऑक्टोबर २०२२ पासून हाच नियम कसोटीसकट सगळीकडं लागू झाला.

आणि मुलींचं क्रिकेट. हंड्रेडची पहिली मॅच महिलांची ठेवली होती, ओव्हलवर. बक्षिसाची रक्कम पुरुषांना आणि महिलांना सारखी. मग एकाच मैदानावर, एकाच तिकिटात आधी महिलांचा सामना, नंतर पुरुषांचा. जेमिमा रॉड्रिग्जनं पहिल्याच मोसमात ४३ चेंडूंत नाबाद ९२ मारल्या. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना साउदर्न ब्रेव्हकडून खेळली. आमच्या नेट्सवर मुलीला घेऊन येणारे वडील आधी विचारायचे, ‘पुढं हिला काही आहे काय यात?’ आता हा प्रश्न कमी येतो. हे मोठं काम झालंय आणि ते मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे.

मग बिघडतंय कुठं? दिवसांत. माझं सगळं म्हणणं या एका शब्दापाशी आहे.

इंग्लंडमध्ये क्रिकेटचा मोसम एप्रिल ते सप्टेंबर. त्यातला सगळ्यात चांगला महिना ऑगस्ट. ऊन असतं, शाळांना सुट्टी असते, खेळपट्ट्या कोरड्या होतात, फिरकीला मदत मिळते. तो ऑगस्ट हंड्रेडनं घेतला. अठरा काउंट्यांचं, म्हणजे तिथल्या प्रांतांच्या संघांचं, चार दिवसांचं क्रिकेट बरंचसं सरकलं एप्रिल-मेच्या थंडीत आणि सप्टेंबरात. थंडीत चेंडू हलतो, मध्यमगती गोलंदाज विकेटी घेतात, फिरकी गोलंदाजाच्या हाती चेंडू येतच नाही. मग फिरकी खेळायला फलंदाज शिकणार कुठं? आणि पन्नास षटकांची स्पर्धा ऑगस्टमध्येच, हंड्रेड खेळणारे खेळाडू वगळून. २०१९ चा विश्वचषक जिंकलेला इंग्लंड २०२३ ला भारतात आला आणि नऊपैकी तीनच सामने जिंकून सातवा आला. सगळं खापर एकट्या हंड्रेडवर फोडणं बरोबर नाही, पण ज्यांना घरच्या मोसमात पन्नास षटकं खेळायलाच मिळत नाहीत, त्यांच्याकडून दुसरं काय होणार?

आता बेळगावला या. आपल्याला जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. ऑक्टोबरात मैदान वाळेपर्यंत काही नाही. नोव्हेंबर ते मे हाच मोसम, त्यात फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे. म्हणजे पोरांच्या हाती राहतात नोव्हेंबर ते जानेवारी आणि एप्रिल-मे. याच महिन्यांत सगळे चषक. टेनिस बॉल, सहा षटकं, आठ षटकं, रात्री लाइट लावून, युट्यूबवर लाइव्ह, बक्षिसं लाखांत, मालिकावीराला मोटारसायकल. मला त्या स्पर्धा आवडतात. मी स्वतः तिथं कॉमेंट्री करतो, अनगोळ-वडगावची पोरं जे सिक्स मारतात ते बघून अंगावर काटा येतो. पण एकदा स्टेजचा मांडव पडला, की दहा-बारा दिवस त्या मैदानावर सिझन बॉलची, म्हणजे कातडी चेंडूची, बॅग उघडत नाही. खेळपट्टीवर अंथरायचं मॅटिंग गुंडाळून कोपऱ्यात. असे चषक एकापाठोपाठ एक लागले की मोसम संपला. बाहेर कुठं हंड्रेड आलं न आलं, आपल्याकडं ऑगस्ट कधीचाच गेलाय!

तिसरी गोष्ट, एका पोराच्या अंगानं. २०१९ ला ऑटोनगरच्या केएससीए (कर्नाटक क्रिकेट संघटना) मैदानावर भारत अ आणि श्रीलंका अ खेळले. मी बघायला गेलो होतो. चार दिवसांच्या सामन्यात अभिमन्यू ईश्वरननं २३३ केल्या. माझ्या शेजारी टेनिस बॉलवर नाव कमावलेला एक पोरगा बसलेला. ईश्वरन ऑफस्टंपबाहेरचे चेंडू सोडत होता. पोरगा मला विचारतो, ‘सर, हा मारत का नाही? घाबरालाय काय?’ तो मनापासून विचारत होता. त्याला चेंडू सोडणं हा शॉट आहे हे कुणी शिकवलंच नव्हतं, कारण त्याच्या खेळात चेंडू सोडायला चेंडूच नसतात. त्यानंतर काही दिवसांनी त्याच मैदानावर ऋतुराज गायकवाडनं वनडेत १३६ चेंडूंत नाबाद १८७ ठोकल्या. तेव्हा मी त्या पोराला फोन करून सांगितलं, बघ, मारणाराही आधी सोडायला शिकलेला असतो.

आपल्या सीमाभागातल्या पोरांचं तर दुहेरी आहे. निपाणीच्या पुढं कागल-कोल्हापूरचा पोरगा महाराष्ट्राच्या निवडीला पुण्याकडं जातो, आपला पोरगा धारवाड झोनमधून बंगळूरच्या दिशेनं. भाषा एक, दोघं खेळतात तोच टेनिस बॉलचा चषक, पण निवडीचा रस्ता वेगळा. एका गोष्टीत मात्र दोन्ही रस्ते सारखे. पुढं जायचं असेल तर निवड समितीपुढं सिझन बॉल खेळायला लागतो, दोन-दोन दिवस उभं राहायला लागतं. तिथं सहा षटकांचा हिरो पहिल्या तासात बाद होऊन येतो आणि घरचे म्हणतात, वशिला नव्हता. काही वेळा वशिला असेलही. पण पोराच्या पायात दोन दिवसांचं क्रिकेट नव्हतं, हे आधी बघायला पाहिजे.

कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. १९४८ चा डिसेंबर, पुणे, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ च्या तेव्हाच्या विक्रमाला नऊ कमी. आणि काठियावाडच्या कॅप्टननं सामनाच सोडून दिला, पुढं खेळायला नकार दिला. निंबाळकरांना हवा होता फक्त थोडा वेळ. माझ्या वर्गातल्या पोरांना मी ही गोष्ट दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, ‘मग परत खेळवलं नाही काय?’ नाही खेळवलं.

कमेंटमध्ये एक जण म्हणतोय, ‘सर तुम्ही जुन्या जमान्यातले, पैसा छोट्या क्रिकेटमध्ये आहे.’ आहेच. हंड्रेडच्या हिश्श्यांच्या विक्रीतला वाटा काउंट्यांना मिळणार, त्यातून त्यांची कर्जं फिटली तर मला आनंदच आहे. आमच्या इथं चषकाच्या बक्षिसातून पोरांनी घराला पत्रे घातलेले मी बघितलेत. ते पैसे थांबवा असं मी म्हणणार नाही. मी म्हणतोय तारखा द्या.

म्हणून चषक भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे, आणि यातले बरेच जण माझे मित्र आहेत. तुमचा फलक लागायच्या आधी मैदानाच्या कॅलेंडरवर एप्रिल-मेमधले दोन शनिवार-रविवार सिझन बॉलच्या दोन दिवसांच्या सामन्यांना सोडा. चौदा आणि सोळा वर्षांखालच्या पोरांसाठी. त्या दिवशी लाइट नको, स्टेज नको, स्पीकर नको. मॅटिंग, दोन पंच आणि एक स्कोअरर एवढं बस. स्कोअररचं काम मी करतो, बोलवा. ज्यांना स्कोअर लिहायला शिकायचंय त्यांनीही वही घेऊन या, शेजारी बसा.

आणि कमेंटमध्ये मला एवढंच लिहा. तुमच्या गावच्या मैदानावर, निपाणी असो, खानापूर असो, येळ्ळूर असो, गेल्या मोसमात सिझन बॉलचा दोन दिवसांचा सामना झाला काय, आणि झाला असेल तर कुठल्या महिन्यात. यादी तयार झाली की ती घेऊन मी मंडळांच्या मीटिंगला जाणार आहे.